शंभर बटणांचा आराखडा

बायकोचा दिवस सव्वाचारला सुरू व्हायचा. गजर चारचा असायचा, पण पंधरा मिनिटं ती डोळे उघडे ठेवून पडून राहायची. त्या पंधरा मिनिटांत ती काय करायची हे तिने मला कधी सांगितलं नाही. सव्वाचारला उठून स्वयंपाकघरातला दिवा लावायची, ओट्याच्या कोपऱ्यात वही उघडायची आणि साडेपाचपर्यंत उभ्याने लिहायची. बसलं की झोप येते, म्हणायची. साडेपाचला वही बंद. मग चहा, डबा, सहा दहाची बस आणि सातला रुग्णालयात हजर.

मी सहाला उठायचो, तेही चहाच्या वासाने. चाळीस वर्षं फरशी बसवली आणि चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो की कष्टाचा माणूस पहाटे उठतो. तसा माणूस आमच्या घरात होता हे खरं. तो मी नव्हतो.

ती रुग्णालयात कक्षसेविका आहे. हे कागदावरचं नाव. मोठ्या डॉक्टरांपासून काल भरती झालेल्या रुग्णापर्यंत सगळे तिला मावशी म्हणतात. चादरी बदलायच्या, अंथरुणात खिळलेल्यांना भांडं द्यायचं, ते नेऊन धुवायचं, औषधं आणायची, कोणी पडलं तर उचलायचं. एकतीस वर्षं हेच काम.

लग्न झालं तेव्हा ती सातवी पास होती. मी नववी नापास, म्हणजे तिच्यापेक्षा दोन इयत्ता पुढे, असं मी धरून चाललो होतो. आमची मुलगी तिसरीत असताना तिने रात्रशाळेतून दहावी दिली. मग बारावी. मग घरी पुस्तकं मागवून बी.ए., त्याच पद्धतीने एम.ए. प्रत्येक निकालाच्या दिवशी मी म्हणालो, "बास झालं आता." प्रत्येक वेळी ती म्हणाली, "हं." हा "हं" म्हणजे होकार अशी माझी सव्वीस वर्षं समजूत होती.

त्रेपन्नाव्या वर्षी ती म्हणाली, "मी पीएच.डी. करतेय."

"कशावर?"

"चालण्यावर."

"चालण्यावर काय लिहायचं? एक पाय उचलायचा, पुढे टाकायचा. झालं पुस्तक."

"तुम्ही जन्मभर बसून काम केलंत. तुम्हाला नाही कळायचं."

"बसून? फरशी बसवणारा सरकत असतो म्हटलं."

"सरकता. तेही मागे मागे."

हे मात्र खरं. फरशी मागे सरकतच बसवतात.

तिचा विषय असा होता. वॉर्डातली मावशी दिवसभर चालते. पण ती रुग्णासाठी किती चालते, आणि कपाट चुकीच्या जागी आहे म्हणून किती चालते? हे कोणी मोजलेलं नव्हतं. तिने मोजायला घेतलं होतं. रुग्णालयाच्या शिवणखोलीतून तिने जुन्या गणवेशांची शंभर बटणं मागून आणली. पांढरी, काळी आणि तपकिरी. ती सकाळी एप्रनच्या उजव्या खिशात घालायची. भांडी धुण्याच्या खोलीत चक्कर झाली की एक पांढरं बटण डाव्या खिशात. चादरींच्या कपाटापर्यंत चक्कर झाली की काळं. औषधांच्या खिडकीपर्यंत झाली की तपकिरी. पाळी संपली की डावा खिसा उलटा करून मोजायचं आणि वहीत लिहायचं. अशा बावीस पाळ्या तिने मोजल्या. सरासरी एका पाळीला अडतीस पांढरी, एकवीस काळी, सतरा तपकिरी. शहात्तर चकरा. यात वॉर्डाच्या आतलं चालणं धरलेलंच नव्हतं.

मी एकदा धुवायच्या एप्रनमधून ती बटणं काढून टाकली होती. कोणाच्या तरी शर्टाची तुटलेली असतील असं वाटलं. तिने कचऱ्याची बादली जमिनीवर उपडी करून शंभरच्या शंभर शोधून काढली. त्या रात्री जेवायला ताट माझं मीच घेतलं.

पीएच.डी.ला आधी संशोधन आराखडा द्यावा लागतो. काय शोधणार, का शोधणार, कसं शोधणार, हे बारा पानांत लिहायचं. तो आराखडा एका समितीसमोर जातो. समितीने हो म्हटलं तर प्रवेश. त्याआधी मार्गदर्शक मिळवायचा. दोन प्राध्यापकांनी तिला नाही म्हणून सांगितलं. एकाने वय विचारलं, दुसऱ्याने हुद्दा. तिसऱ्या एक बाई होत्या, त्यांनी वही ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी बोलावलं. पण त्यांची निवृत्ती जवळ आली होती. नियमाप्रमाणे त्यांना आता एकच विद्यार्थी घेता येणार होता, आणि यादीत आणखी एकजण थांबलेला होता. म्हणजे ही संधी गेली तर पुन्हा नाही. हे मार्गदर्शक बाईंनी तिला सांगितलं, तिने मला सांगितलं, आणि मला ते नीट समजलेलंही होतं. पुढे जे केलं ते न समजून केलं असं मला म्हणता येत नाही.

तिने हाताने चार मसुदे लिहिले. चारही मार्गदर्शक बाईंनी वाचले. चौथ्यावर त्यांनी लिहिलं, "उत्तम. आता टाइप करून द्या." सोबत विद्यापीठाचा नियमांचा कागद. डावा समास दीड इंच, बाकी तिन्ही बाजूंना एक. अक्षर बारा आकाराचं. दोन ओळींत दुप्पट जागा. पानाचा आकडा खाली, मध्यभागी. तो कागद वाचून मला फार बरं वाटलं. विद्यापीठात माझ्यासारखी माणसं आहेत याची मला कल्पना नव्हती.

"मांडणी माझ्याकडे," मी म्हणालो.

"टायपिंगवाला करेल सगळं."

"टायपिंगवाला काय करेल! ज्याला सूतभर फरक दिसत नाही तो माणूस दीड इंच काय सांभाळणार?"

"हं," ती म्हणाली. तिच्या वॉर्डातल्या दोघी आजारी होत्या आणि तिला रोज दोन-दोन पाळ्या पडत होत्या. तिला दुसरा इलाजच नव्हता, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी ते गुणवत्तेवर मिळाल्यासारखं घेतलं.

टायपिंगचं दुकान कॉलेजच्या फाटकासमोर, एका जिन्याखाली. वाकूनच आत जायचं. शेवटची तारीख होती त्या दिवशी सकाळी दहाला मी तिथे पोचलो. मजकूर त्याने आदल्या दिवशीच टाइप केला होता. त्याने पहिलं पान छापून हातात दिलं. मी पिशवीतून गुण्या काढला. काटकोन तपासायचं लोखंडी साधन असतं, ते.

"काका, हे काय?"

"समास बघतो. डावीकडे दीड इंच म्हटलंय."

"दीडच आहे. मशीनमध्ये आकडा टाकलाय मी."

"मशीनमध्ये असेल. कागदावर सूतभर कमी आहे."

"कागद जरा तिरका गेला असेल."

"मग सरळ घाल."

त्याने सरळ घातला. मी परत गुण्या लावला.

"काका," तो म्हणाला, "हा आराखडा आहे, न्हाणीघर नाही. याच्यावरून पाणी वाहून जायचं नाहीये."

"काम ते काम."

पहिलं पान आम्ही पाच वेळा छापलं, दुसरं तीन वेळा. मधे तो जेवायला गेला, तेव्हा मी बाहेरच्या पायरीवर बसून मुख्य शीर्षकाच्या दोन्ही बाजूंची जागा मोजली. दुपारी साडेतीनला सगळी पानं समोर आली तेव्हा तो म्हणाला, "चौदा झाली."

"चौदा काय?"

"पानं. तुमच्या कागदावर बाराच म्हटलंय."

साडेपाच तास आम्ही दोघांनी कडा तपासल्या होत्या. पानं किती होतात हे दोघांपैकी कोणीही मोजलं नव्हतं. आणि पाचला कार्यालय बंद होणार होतं.

मी तिच्या वॉर्डात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "मावशी रुग्णाला घेऊन खाली गेल्यात, निरोप देते." वाट बघितली. चारला पाच मिनिटं राहिली. परत लावला, तर फोन कोणी उचलेना.

"दोन पानं कुठली काढू सांगा," टायपिंगवाला म्हणाला. "अक्षर बारीक करता येणार नाही, नियम आहे."

मी आराखडा पुढ्यात घेतला. पहिली तीन पानं बटणांची होती. सुरुवातच अशी होती: "सकाळी सात वाजता माझ्या उजव्या खिशात शंभर बटणं असतात." मग छोटी छोटी वाक्यं, मधे कोष्टक, कोष्टकात आकडे, मग परत एक वाक्य. मग चौथ्या पानापासून देशोदेशीच्या विद्वानांनी काय म्हटलंय ते. ती पानं भरगच्च होती. एकेक वाक्य चार-चार ओळींचं, कुठे भेग नाही.

आमच्या कामात एक रीत आहे. फरशी लावताना अख्खी फरशी दाराशी लावायची. माणूस आत आला की पहिली नजर तिथे पडते. कापलेले तुकडे पलीकडच्या भिंतीला, पलंगाखाली, कपाटामागे. ही रीत मी शंभर घरांत पाळली आणि एकाही घरमालकाने तक्रार केली नाही. आराखडा बघितल्यावर मला वाटलं, हिने सगळे तुकडे दाराशीच लावलेत.

आणि नियमांच्या कागदावर अगदी खाली मला एक ओळ सापडली: परिशिष्ट पानांच्या मर्यादेत धरलं जाणार नाही. परिशिष्टाला अक्षराचा नियमही नव्हता.

"पहिली तीन पानं उचल," मी म्हणालो. "शेवटी टाक. परिशिष्ट. अक्षर आठचं कर."

"नक्की ना, काका? काकूंना विचारलं का?"

"अरे, चाळीस वर्षं हेच केलंय."

तीन पानांचं एक पान झालं. मुख्य मजकूर अकरा पानं, मर्यादेपेक्षाही एक कमी. पाचला सात मिनिटं असताना मी कार्यालयात प्रती दिल्या आणि शिक्का मारून घेतला. तिच्या प्रतीला बांधणी करून वर प्लॅस्टिकचं आवरण घातलं. रस्त्याने येताना मी ती अशी धरली होती, की समोरच्याला शीर्षक दिसावं.

ती रात्री साडेनऊला आली. प्रत बघून ती आधी हात धुवून आली. ती उघडायला गेली तर मी म्हणालो, "हात ओले आहेत तुझे. कडा मळतील." तिने हात मागे घेतला. आराखडा तिला तोंडपाठ होता. तिने प्रत कपाटावर ठेवली आणि पुढचे दहा दिवस दोन-दोन पाळ्या केल्या. पानांचं काय झालं हे मी तिला सांगितलं नाही. बैठकीत सगळे कौतुक करतील तेव्हा तिला कळेल, असा माझा बेत होता.

समितीची बैठक गुरुवारी होती. मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. दार आपटू नये म्हणून त्यात कागदाची घडी खोचलेली होती, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. बाकाजवळची तिसरी फरशी पोकळ होती. टाच आपटली की डब्यासारखी वाजायची. खाली सिमेंटचा माल भरला नव्हता. ज्याने लावली त्याच्या नावाने मी मनात दोन शब्द बोललो.

आतून अध्यक्षांचा आवाज आला. "बाई, मी सात पानं वाचली. दहा पुस्तकांत काय आहे ते कळलं. तुमचं काय आहे ते नाही कळलं."

"सर, पहिलंच पान आहे ना. बटणांचं."

"बटणं? कसली बटणं?"

मग पानं उलटल्याचा आवाज. एकाचा, मग तिघा-चौघांचा. मी टाच उचलून धरली.

मार्गदर्शक बाईंनी छापील प्रत बहुतेक तेव्हाच पाहिली. त्या म्हणाल्या, "मागे आहे. परिशिष्टात."

"हे?" कोणीतरी म्हणालं. "हे वाचायला भिंग लागेल."

बायको काय म्हणते याची मी वाट बघत होतो. तिने माझं नाव घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "माझी चूक आहे, सर. छापून आल्यावर मी बघायला हवं होतं."

समितीने तिला बोलायला वेळ दिला. ती बटणांबद्दल बोलली, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. एका सदस्याने विचारलं, "चकरा मोजल्यात, ठीक. पण चक्कर केवढी? अंतर कुठे दिलंय?" ते तिने कुठेच दिलेलं नव्हतं. ही एक चूक तेवढी तिची होती, आणि मी लगेच ती चूक धरून बसलो. तेवढाच आधार.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी पुन्हा बैठक आहे. बुधवारी सुधारित प्रत द्या. तेव्हाही असंच असेल तर मात्र ही जागा यादीतल्या पुढच्याला द्यावी लागेल."

ती बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता चालायला लागली. बसथांब्यापर्यंत मी मागे. थांब्यावर कोणी नव्हतं.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"पानं जास्त झाली होती."

"मग पुस्तकातली काढायची."

"ती चांगली होती गं. अख्खी अख्खी वाक्यं. तुझं ते सगळं तुकडे तुकडे. दाराशी कोणी तुकडे लावतं का?"

"तेवढंच माझं होतं," ती म्हणाली. "बाकी सगळं दुसऱ्यांचं. माझं होतं ते तुम्ही पलंगाखाली ढकललंत."

बस आली. ती पुढे जाऊन बसली. माझ्यासाठी शेजारची जागा रिकामी होती, पण मी मागे उभाच राहिलो.

घरी आल्यावर तिने भांडण केलं नाही. चहा ठेवला आणि विचारलं, "चुकीच्या लागलेल्या फरशीचं तुम्ही काय करायचात?"

"उखडायला लावायचो."

"आणि परत लावायला किती दिवस द्यायचात?"

"तेवढेच. जास्त नाही."

"मग रविवारी चारला वॉर्डात या. भेटायची वेळ असते. फरश्या मोजता येतात ना? त्या एक फुटी आहेत. बेडपासून प्रत्येक ठिकाणापर्यंत मोजा. म्हणजे अंतर निघेल."

ही युक्ती तिची. ती मला का सुचली नाही याचा विचार मी शनिवारभर केला.

रविवारी चारला मी वॉर्डात होतो. बेड नंबर एकपासून मान खाली घालून सुरू केलं. एक, दोन, तीन. पन्नासच्या पुढे गेलो असेन, सिस्टर आडव्या आल्या.

"कोणाला भेटायचंय, आजोबा?"

मी बोट वर केलं. बोललो असतो तर आकडा गेला असता.

"आजोबा, कोणाचे नातेवाईक तुम्ही?"

"थांबा हो. फरश्या मोजतोय."

त्यांनी रखवालदाराला हाक मारली. तेवढ्यात बायको चादरींचा गठ्ठा घेऊन आली. "सिस्टर, ते आमच्या घरचे आहेत."

"मावशी, बरे आहेत ना ते?"

"बरे नाहीत. पण मोजतात बरोबर."

तिने माझ्यावर एवढा विश्वास टाकायला नको होता. सहाला मी तिन्ही आकडे तिच्यासमोर ठेवले. तिने एकदा कागदाकडे पाहिलं. "जिन्यापाशी फरशी बदलते. पुढे दीड फुटी आहे. धरलं का?"

मी धरलं नव्हतं. सिस्टरच्या धाकाने मी नुसतं मोजत सुटलो होतो. चाळीस वर्षं फरशी बसवली आणि पायाखालची फरशी दीडपट मोठी झालेली मला दिसली नाही. तिने सिस्टरची परवानगी काढली आणि आम्ही परत निघालो. ती पुढे, मी मागे. ती मोजत होती, मी लिहीत होतो. भांडी धुण्याची खोली एकशे अठरा फूट. चादरींचं कपाट ब्याण्णव. औषधांची खिडकी एकशे चाळीस. जाऊन-येऊन दुप्पट. बटणांना गुणलं तर एका पाळीत साडेसतरा हजार फुटांच्या वर. म्हणजे सव्वापाच किलोमीटर, नुसतं वॉर्डाबाहेर. चादरींचं कपाट बाहत्तर फूट अलीकडे आणलं, तर त्यातलं जवळजवळ एक किलोमीटर वाचणार होतं.

मी तो आकडा दोनदा तपासला. एकतीस वर्षं मी संध्याकाळी तिला म्हणत आलो होतो, "जरा पाणी दे गं, दिवसभर कंबर मोडलीय."

सोमवार, मंगळवार, बुधवार तिने आराखडा परत लिहिला. सव्वाचार ते साडेपाच. सोमवारी मीही तिच्याबरोबर उठलो. मंगळवारी उठलो आणि ओट्याला टेकून उभ्याउभ्या झोपलो. मला एकच काम दिलं होतं. तिने लिहिलेलं मी मोठ्याने वाचायचं. मी अडखळलो की बायको ती ओळ खोडायची. मी फार अडखळतो. विद्वानांची आठ पानं तीनवर आली आणि आराखडा दहा पानांचा झाला. दोन पानांची जागा उरली तेव्हा मी म्हणालो, "त्यात काहीतरी घाल, रिकामं दिसतं."

"तुम्ही वाचा फक्त," ती म्हणाली.

बुधवारी ती सकाळची पाळी करून स्वतः टायपिंगच्या दुकानात गेली. मी सोबत.

"काका, गुण्या कुठाय?" टायपिंगवाल्याने विचारलं.

"घरी."

"दादा, यांना बाहेर बसवा," बायको म्हणाली. त्याने मला आनंदाने स्टूल दिलं आणि बाहेर बसवलं. काम चाळीस मिनिटांत झालं. पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीत बटणं होती. डावा समास मला लांबून सूतभर कमी वाटला. मी तोंड बंद ठेवलं. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात अवघड काम होतं असं मी नंतर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "चला, एक तरी जमलं."

शुक्रवारी मी पुन्हा त्याच बाकावर होतो. या वेळी पाय वर घेऊन बसलो. आत दहा मिनिटं फक्त पानांचा आवाज होता. मग अध्यक्ष म्हणाले, "मावशी," आणि त्यांचं त्यांनाच ते जाणवलं असावं, ते जरा थांबले. "हे कपाट हलवलं का मग रुग्णालयाने?"

"नाही, सर. मी तीनदा सांगितलं. तुम्हाला काय कळतं म्हणाले. म्हणून तर पीएच.डी. करायची."

आत सगळे हसले. बाहेर मी एकटाच हसलो, आणि तिथून जाणाऱ्या शिपायाने माझ्याकडे वळून बघितलं.

तिला प्रवेश मिळाला. जागा तिची झाली. समितीने फक्त एक अट घातली. एकीच्या खिशातली बटणं सुरुवातीला ठीक, पण पुढचा अभ्यास बारा वॉर्डांतल्या बारा मावशींचा होता. बाराजणींना बटणं सांभाळायला लावता येणार नाही. पावलं मोजायचं साधन हवं, आणि ते प्रत्येकीला एकाच बनावटीचं. विद्यापीठाकडे तसं साधन नव्हतं. या विषयाला अनुदान मिळण्याची शक्यताही नव्हती.

तिच्या दोन-दोन पाळ्यांचा जादा पगार साठलेला होता. त्यातून घरात खुर्चीसारखं बसायचं शौचालय करायचं, असं मी परस्पर ठरवलं होतं. फरशी बसवणाऱ्याचे गुडघे साठीनंतर त्याचे राहत नाहीत. नेमकी जागा मी खडूने आखूनही ठेवली होती, आणि फरशी कोणती हेही ठरवलं होतं. एका संध्याकाळी मी तो विषय काढला.

"यंत्रं मागवली," ती म्हणाली.

"किती?"

"बारा."

"सगळे पैसे गेले?"

"सगळे."

आठवड्याने खोकं आलं. काडेपेटीएवढी यंत्रं, मागे कमरेला अडकवायचा चिमटा. ती ओट्यावर ओळीने मांडून तिने एकेकावर वॉर्डाचा आकडा चिकटवला. मी म्हणालो, "चालतात का ते बघायला एक मला लावून बघ की."

"तुम्हाला लावून काय कळणार? शून्यच येईल."

तरी तिने एक माझ्या कमरेला लावलं आणि मला दारापासून ओट्यापर्यंत चार वेळा चालवलं. गुडघे कुरकुरले. यंत्राने बरोबर मोजलं. तिने ते काढून घेतलं, पुसलं आणि बाकीच्या अकरांमध्ये ठेवलं. सोमवारी सकाळी सातला ती बारा यंत्रं बारा मावशींच्या कमरेला लागली.